हलकी गाडी: नागपूरच्या उन्हात आणि सिग्नलवर खरं काय वाचतं?

वर्धारोडकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. गाड्यांच्या धाग्यांवर इथे मायलेज, फीचर्स, रीसेल यावर भरपूर चर्चा होते, पण गाडीच्या वजनाबद्दल फारसं कोणी विचारत नाही. हवामानबदलाची काळजी असेल तर माझ्या मते सगळ्यात आधी तोच प्रश्न विचारायला हवा. पेट्रोल, सीएनजी की बॅटरी हा त्याच्या नंतरचा.

मी हिंगणा एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये काम करतो. गाड्यांचे पत्र्याचे भाग रोज हाताखालून जातात, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी साधा हिशोब. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (पेट्रोलचं वजन पाऊण किलो, मग वायू सव्वादोन किलोचा कसा, असं पुष्कळ जण विचारतात. पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, वाढलेलं वजन त्याचं.) म्हणजे लिटरला २४ देणारी गाडी किलोमीटरमागे ९६ ग्रॅम सोडते आणि १२ देणारी १९२ ग्रॅम. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत हे कळत नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन तपासतात. पीयूसी स्वच्छ आली म्हणजे हवामानाच्या दृष्टीनेही गाडी चांगली, असं मुळीच नाही.

आता सिग्नलवर या. ८०० किलोची गाडी ५० च्या वेगात असताना तिच्यात साधारण ७७ किलोजूल ऊर्जा असते. ब्रेक दाबला की ती ब्रेकच्या उष्णतेत जाते. पुन्हा ५० गाठायचं तर तेवढीच ऊर्जा इंजिनाने नव्याने द्यायची. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरा, म्हणजे एका थांब्याला दहा मिलिलिटर पेट्रोल. गाडी १६०० किलोची असेल तर वीस मिलिलिटर. राहाटे कॉलनी, अजनी, छत्रपती चौक... सकाळी ऑफिसला जाताना किती वेळा थांबता ते आठवून बघा. आणि दोन्ही गाड्यांत बहुतेक वेळा माणूस एकच असतो.

दुसरी गोष्ट इंजिनाची. लहान गाडीला सपाट रस्त्यावर ६० च्या वेगाने चालत राहायला चाकांपाशी तीन-साडेतीन किलोवॉट पुरतात. अल्टो के१०चं इंजिन ४९ किलोवॉटचं आहे, मोठ्या एसयूव्हीचं शंभराच्या वर. पेट्रोल इंजिन त्याच्या ताकदीच्या अगदी थोड्या भागावर चालवलं की थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळपास बंद असतो, पिस्टनला अरुंद फटीतून हवा ओढावी लागते आणि त्यातच शक्ती वाया जाते. लहान इंजिन त्याच कामासाठी जास्त भार घेऊन चालतं, म्हणून ते काटकसरीचं ठरतं. ताकद कमी आहे म्हणून पेट्रोल कमी लागतं, हा त्याचा एक भागच झाला.

आता माझ्या कामातलं सांगतो. दाराचा आतला पत्रा घ्या. पूर्वी तो एकाच जाडीचा असायचा. बिजागरीपाशी मजबुती हवी, म्हणून सगळाच पत्रा जाड. आता बिजागरीकडचा तुकडा १.२ मिमीचा आणि बाकीचा ०.७ मिमीचा असे दोन पत्रे लेझरने जोडतात आणि मग डायखाली, म्हणजे साच्यात, एकत्र दाबतात. जिथे लोड येतो तिथेच जाडी. ट्रॉलीवरून हा पत्रा उचलला की हाताला फरक लगेच कळतो. दोन दारांमधला खांब याच्या पुढे गेला आहे: पत्रा सुमारे ९०० अंशांपर्यंत लाल करून डायमध्ये दाबायचा आणि डायमध्येच झटकन थंड करायचा. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते. साध्या पत्र्याची ३०० च्या आसपास असते. त्यामुळे पातळ पत्रा वापरूनही खांब दुबळा होत नाही.

आणि एकदा सांगाडा हलका झाला की बाकीचंही हलकं होत जातं. ब्रेक लहान चालतात, टायर अरुंद चालतात, इंजिन लहान चालतं, मग इंजिन धरून ठेवणारी चौकटही हलकी. वाढतानाही वजन असंच साखळीने वाढतं.

मग अशा गाड्या वाढायच्या सोडून कमी का होत चालल्या? माझ्या मते आपल्या नियमांनी मापच चुकीचं धरलं. २००६ च्या अर्थसंकल्पापासून कराची सवलत चार मीटर लांबीवर आणि इंजिनाच्या आकारावर आहे, वजनावर नाही. मग कंपन्यांनी चार मीटरच्या आत उंच, रुंद, जड गाड्या बसवल्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांचा जीएसटी १८ टक्के झाला, चांगलंच झालं, पण त्या जड 'कॉम्पॅक्ट' एसयूव्हीही त्याच १८ टक्क्यांत बसतात. कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या सरासरी कार्बनवर मर्यादा घालणाऱ्या नियमातही (कॅफे) त्या गाड्यांचं सरासरी वजन जितकं जास्त, तितकी मर्यादा सैल. २०२२-२३ पासूनचा किलोमीटरला ११३ ग्रॅमचा आकडाही एका ठरावीक सरासरी वजनासाठी आहे. गाड्या जड केल्या तर सूट मिळते, हे मला पटत नाही.

जपानने १९४९ पासून 'केई' गाड्यांचा वेगळा वर्ग ठेवला आहे. आज मर्यादा ६६० सीसी, लांबी ३.४ मीटर, रुंदी १.४८ मीटर. तिथे विकल्या जाणाऱ्या गाड्यांपैकी साधारण एक तृतीयांश याच वर्गातल्या असतात. शिवाय तिथे गाडीच्या वजनावर कर आहे. फ्रान्सनेही २०२२ पासून जड गाड्यांवर किलोच्या हिशोबाने जादा कर लावला. आपल्याकडे हे का होऊ नये?

तुमचं मत लिहा. विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

---

मंजिरी_त्रिमूर्तीनगर

दादा, हिशोब पटला. पण घरातलं गणित वेगळं असतं. आम्ही पाच जण, त्यात सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं दुखणं. अमरावतीला गेलो की येताना डिकीत जागा उरत नाही. जुनी लहान गाडी इतकी खाली होती की त्यांना उतरताना दोघांनी हात धरावा लागायचा. लोक एसयूव्हीकडे वळतात त्यात दिखावा असेल, पण आमच्यासारख्यांना खरंच उंच सीट हवी असते.

---

वर्धारोडकर

ताई, तुमचा मुद्दा अगदी खरा आहे आणि डिझाइन करणाऱ्यांनी तो ऐकायलाच हवा. पण उंच सीट हवी म्हणून जड गाडीच हवी असं नाही. वॅगन आर १९९९ च्या शेवटी आपल्याकडे आली ती याच कल्पनेवर: छत उंच, सीट उंच, पाय खाली सोडून बसायचं. सांगाडा मात्र लहान गाडीचाच. खुर्चीवर बसल्यासारखं बसलं की पाय पुढे पसरावे लागत नाहीत, त्यामुळे कमी लांबीत जास्त जागा मिळते. जपानच्या केई गाड्यांतही हाच प्रकार आहे, बऱ्याच गाड्यांना मागे सरकती दारं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला सरकतं दार किती सोयीचं आहे, विशेषतः आपल्या अरुंद पार्किंगमध्ये! आपल्याकडे ईकोसारख्या व्हॅन सोडल्या तर लहान गाडीत ते फारसं दिसत नाही.

---

डॉ_धंतोली

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे, अपघाताचे रुग्ण रोज बघते. इथे 'हलकी गाडी' असं नुसतं वाचलं की भीती वाटते. गाड्या आदळून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅपच्या २०१४ च्या चाचणीत नॅनो शून्य ताऱ्यांवर गेली. अल्टो के१०ला २०२३ मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी दोनच तारे मिळाले. ग्रॅम वाचवताना माणसं गमवायची का? समोरून १८०० किलोची गाडी आली तर ७५० किलोच्या गाडीतल्या माणसाला जास्त धक्का बसणार, हे तर भौतिकशास्त्रच आहे.

---

वर्धारोडकर

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. सुरक्षितता सोडून हलकेपणा मीही मागणार नाही. पण तारे वजनाने मिळत नाहीत, सांगाड्याच्या रचनेने मिळतात. नव्या डिझायरला २०२४ मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले, आणि ती हजार किलोच्या आसपासची गाडी आहे. टियागोला २०२० मध्ये चार तारे होते. वर लिहिलेला गरम दाबलेला खांब त्यासाठीच असतो. नॅनोच्या वेळी किंमत एक लाखात बसवायची होती, सगळा निर्णय त्या आकड्याने ठरला. त्या गाडीतली बरीच अभियांत्रिकी आजही शिकण्यासारखी आहे: ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटखाली, वजन ६०० किलोच्या आसपास, चाकाला तीनच नट, एकच वायपर, लांबी ३.१ मीटर आणि तरीही आत चार माणसं आरामात. हाच अभ्यास 'सगळ्यात स्वस्त' ऐवजी 'सगळ्यात हलकी आणि सुरक्षित' या उद्दिष्टाने झाला असता तर आज चित्र वेगळं असतं असं मला मनापासून वाटतं.

समोरच्या जड गाडीचा मुद्दा मात्र उलट बाजूने बघा ना. लहान गाडीतला माणूस असुरक्षित होतो तो समोरची गाडी जड आहे म्हणून. मग आपणही जड घ्यायची, शेजारी त्याहून जड घेणार. यात पायी चालणारा आणि स्कूटरवाला कुठे जाणार?

---

डॉ_धंतोली

पायी चालणाऱ्यांबद्दल सहमत. बॉनेट खाली असेल तर पहिला मार पायावर बसतो, माणूस बॉनेटवर घसरतो. पाय मोडतो, आम्ही तो जोडतो. बॉनेट छातीच्या उंचीचं आणि सरळ उभं असेल तर मार छातीवर, पोटावर, मुलांच्या बाबतीत थेट डोक्यावर. तिथे माझ्या हातात फार थोडं उरतं. वजनावर कर लावायचा असेल तर बॉनेटच्या उंचीचाही त्यात विचार व्हावा. आणि हलक्या गाडीला चांगल्या ताऱ्यांची अट घालूनच सवलत द्या.

---

वर्धारोडकर

ही अट धाग्याच्या मूळ मागणीत जोडतो. पूर्ण सहमत.

---

गॅरेजवाला_महाल

भाऊ, सगळे इंजिनावर बोलून राहिले, एसीवर कोणी बोलूनच नाही राहिलं म्हणून लिहून राहिलो. नागपुरात एप्रिल ते जून गाडीत एसीशिवाय बसता येते काय? ४५ डिग्रीत उभी असलेली गाडी सुरू केली की कंप्रेसर पहिली पंधरा-वीस मिनिटं फुल लोडवर असते. कंपनीच्या मायलेजच्या टेस्टमध्ये एसी बंद राहते. म्हणून मे महिन्यात गिऱ्हाईक येते आणि म्हणते, गाडी अचानक कमी देऊन राहिली, इंजिन चेक करा. इंजिन चांगलं असते.

दुसरं म्हणजे गॅस. दर उन्हाळ्यात लोक येतात, 'थंड होऊन नाही राहिली, गॅस मारून द्या.' अरे, पण गॅस गेला कुठं? गॅस काही पेट्रोलसारखा संपत नाही. कंडेन्सरला खडा लागला असंल, ओ-रिंग सुकली असंल, कूलिंग कॉइल सडली असंल. नायट्रोजन भरून प्रेशर ठेवा, साबणाचं पाणी मारा, फेस येते तिथं लीक. त्याला अर्धा दिवस लागते, म्हणून पुष्कळ ठिकाणी जुना उरलेला गॅस तसाच हवेत सोडतात आणि वरून नवीन भरून देतात. मी करत नाही. मशीन घेतली आहे, गॅस ओढून परत भरते.

---

आकडेमोड

गॅरेजवाले भाऊंच्या मुद्द्याला आकडा जोडतो, कारण तो फार मोठा आहे. आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. शंभर वर्षांचा हिशोब धरला तर त्याचा एक किलो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंइतकी उष्णता अडवतो. लहान गाडीत गॅस साधारण ४०० ग्रॅम. तो सगळा हवेत गेला तर ५७० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं, म्हणजे जवळपास २५० लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. लिटरला १८ देणाऱ्या गाडीचं ४५०० किलोमीटरचं धावणं! युरोपात नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ वापरतात, त्याचा परिणाम जवळजवळ नगण्य आहे.

आणि कंप्रेसरचं: कडक उन्हात तो दोन-तीन किलोवॉट घेतो. धागाकर्त्यांनी वर दिलंय की ६० च्या वेगाला चाकांना तीन-साडेतीन किलोवॉट लागतात. म्हणजे मे महिन्यात सीताबर्डीच्या गर्दीत रखडलेल्या गाडीचं जास्त पेट्रोल गाडी पुढे नेण्यात नाही, ती थंड ठेवण्यात जातं.

---

वर्धारोडकर

@गॅरेजवाला_महाल, @आकडेमोड, या दोन प्रतिसादांसाठीच धागा काढावा असं आहे. नागपूरसाठी गाडी डिझाइन करायची तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. आतली हवा जितकी कमी तितकी ती थंड करायला कमी शक्ती, हा लहान गाडीचा फायदा कोणी सांगतच नाही. त्यावर छताच्या आत चांगलं इन्सुलेशन, उष्णता परतवणारी काच, फिकट रंग. एवढं केलं तर कंप्रेसरही लहान चालेल. आणि आपण काय करतोय, तर विदर्भातल्या उन्हात काचेचं छत असलेली गाडी जास्त पैसे देऊन घेतोय.

---

कोराडीकर

पेट्रोलवर इतका वेळ का घालवता? ईव्ही घ्या, प्रश्न मिटला.

---

आकडेमोड

तुमच्या नावातच उत्तर आहे. कोराडीला ६६० मेगावॉटचे तीन संच कोळशावर चालतात. देशाच्या विजेची सरासरी धरली तर युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. छोटी ईव्ही सॉकेटपाशी किलोमीटरला ०.१२ युनिट घेते, म्हणजे ८४ ग्रॅम. मोठी, अडीच टनांकडे झुकणारी ईव्ही ०.२ युनिट घेते, म्हणजे १४० ग्रॅम. लिटरला १८ देणारी साधी पेट्रोल गाडी १२८ ग्रॅम सोडते (पेट्रोल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च वेगळा). बघा, छोटी ईव्ही स्पष्टपणे पुढे आहे, मोठी ईव्ही साध्या पेट्रोल गाडीच्या आसपासच घुटमळते. सौर वीज वाढेल तसा हा आकडा खाली येईल आणि ईव्हीचं पारडं जड होईल, पण आकाराचा प्रश्न तिथेही सुटत नाही. मोठ्या बॅटरीसाठी खाणीतून काढायचा धातूही जास्त.

मात्र धागाकर्त्यांशी एका बाबतीत असहमत. वजन हा सगळ्यात पहिला प्रश्न असेल तर ग्रँड व्हिटारा हायब्रिड १२०० किलोंच्या वर असून २७.९७ कशी देते? अल्टो के१० मॅन्युअल २४.३९ देते. तंत्रज्ञान वजनावर मात करतं ना?

---

वर्धारोडकर

करतं, आणि सिग्नलचा माझाच हिशोब त्याचं कारण सांगतो: हायब्रिड गाडी ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा बॅटरीत परत घेते. पण तेच तंत्र हलक्या गाडीत बसवलं तर? टोयोटा यारिस हायब्रिड साधारण १०५० किलोची, जपानच्या चाचणीत तिचा आकडा ३६ आहे. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना करत नाही, पण दिशा दिसते. आपल्याकडे हे तंत्र महागड्या मोठ्या गाड्यांतच मिळतं. सिग्नलवर सगळ्यात जास्त थांबणाऱ्या लहान गाडीला ते मिळत नाही, हीच माझी तक्रार आहे.

---

समृद्धी_प्रवासी

महामार्गावर वजनापेक्षा हवा महत्त्वाची. समृद्धीवर मर्यादा १२० आहे म्हणून सगळे १२० ने जातात. ८० वरून १२० वर गेलात की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. उंच, चौकोनी गाडीला तर फारच. फोक्सवॅगनची एक्सएल१ ही गाडी बघा: दोन माणसांची, ७९५ किलोची, मागची चाकं झाकलेली, हवेच्या विरोधाचा गुणांक ०.१८९. शंभर किलोमीटरला ०.९ लिटर डिझेल, असा कंपनीचा दावा होता. गाडी फार महाग होती आणि २५० च बनवल्या, पण मागची बाजू निमुळती ठेवणं, खालचा पत्रा सपाट करणं यातलं बरंच काही स्वस्तातही होतं.

आणि हो, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलने मायलेज कमी झालं ही ओरड खरी आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांश ऊर्जा, म्हणून लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी मिळते. पण इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असतो, म्हणजे जास्त दाबलं तरी ते वेळेआधी पेटत नाही. इंजिनचं कॉम्प्रेशन त्यासाठी मुद्दाम वाढवून डिझाइन केलं तर यातला काही भाग परत मिळू शकतो. जुन्या इंजिनला ते जमणार नाही.

---

गोधनी_एक्स्प्रेस

आपली बस, मेट्रो असताना कार हवीच कशाला? मी ऑफिसला मेट्रोने जातो.

---

मंजिरी_त्रिमूर्तीनगर

दादा, मीही एकटी असले की मेट्रोनेच जाते. पण स्टेशनवरून पुढे घरापर्यंत सासूबाईंना कसं न्यायचं?

---

गोधनी_एक्स्प्रेस

बजाजची क्यूट पाहिली का ताई? २१६ सीसी, चार माणसं, लिटरला ३५, कंपनीच्या सांगण्यानुसार किलोमीटरला ६६ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. वेग ७० पर्यंतच, त्यामुळे गावाबाहेर नाही, पण शहरात पुरते.

---

मंजिरी_त्रिमूर्तीनगर

कल्पना चांगली आहे, पण डॉक्टरांचे प्रतिसाद वाचल्यावर मला एअरबॅग हव्याच. आणि एसीशिवाय नागपुरात उन्हाळ्यात म्हातारं माणूस बसवणार नाही.

वर्धारोडकर दादा, आम्ही दिवाळीपर्यंत गाडी घेणार आहोत. शोरूममध्ये नेमकं काय विचारू?

---

वर्धारोडकर

ताई, ब्रोशरच्या शेवटच्या पानावर 'कर्ब वेट' (माणसं-सामान सोडून गाडीचं वजन) असतं, ते आधी बघा. टॉप मॉडेल आणि खालच्या मॉडेलच्या वजनात कधी पन्नासेक किलोंचा फरक निघतो. मोठी अलॉय चाकं आणि रुंद टायर नको म्हणा. पेट्रोल जास्त लागतं आणि आपल्या खड्ड्यांत रिमही वाकते. भारत एनकॅपचे तारे बघा, त्याच व्हेरिएंटचे. सनरूफ घेऊ नका. सासूबाईंना सोबत न्या आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांतून दोनदा बसवून-उतरवून बघा. वर्षाला धावणं जास्त असेल तर सीएनजीचाही विचार करा, पण टाकी डिकीत येते, अमरावतीच्या सामानाचं बघावं लागेल.

बाकी मंडळी, कॅफेच्या एप्रिल २०२७ पासूनच्या तिसऱ्या टप्प्यावर वेगळा धागा काढतो. सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या लहान पेट्रोल गाड्यांना जादा सवलत सुचवली होती, त्यावर कंपन्यांमध्ये उघड मतभेद झाले होते. डॉक्टरांची ताऱ्यांची अट आणि एसी गॅसचा मुद्दा त्यात घालून ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोला एक निवेदन लिहू. मसुदा मी करतो. @आकडेमोड, हिशोब तुम्ही तपासाल का?

---

आकडेमोड

हो, पाठवा. रविवारपर्यंत बघून देतो.

---

गॅरेजवाला_महाल

निवेदनात हेही लिहा भाऊ, गॅस ओढायची मशीन लहान गॅरेजवाल्याले सबसिडीत भेटली पाहिजे. नाही तर नियम कागदावर राहते आणि गॅस हवेत जाते.